ईबी-५ चा आमचा अनुभव: वकीलबाई, रीजनल सेंटर आणि पुण्यातला एजंट

लेकीसाठी अमेरिकेचा इन्व्हेस्टर व्हिसा म्हणजे ईबी-५ केला, त्यात ज्या तीन लोकांशी संबंध आला त्यांच्याबद्दल लिहितेय. नावं कुणाचीच देणार नाही, कारण केस अजून चालू आहे. मार्क आधीच सांगून टाकते, वकीलबाईंना पाचपैकी साडेचार, रीजनल सेंटरला (गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून प्रोजेक्टमध्ये लावणारी सरकारमान्य संस्था) साडेतीन आणि पुण्यातल्या एजंटला एक. हे मार्क का दिले ते नीट वाचा, कारण रक्कम लहान नाहीये आणि आपल्याकडे या विषयावर जे काही बोललं जातं ते बहुतेक विकणाराच बोलत असतो.

आधी परिस्थिती. लेक तिकडे मास्टर्स करून स्टेम ओपीटीवर (शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायची परवानगी) नोकरी करत होती, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही. ऑफिसने पर्म वगैरे करून ईबी-२, म्हणजे नोकरीतून ग्रीन कार्ड, लावलं असतं तरी भारतात जन्मलेल्यांची रांग माहितीच आहे, दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, तिथे अजून दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तारखा चालू आहेत. आमच्याकडे मिस्टरांची वडिलोपार्जित जमीन होती चाकणजवळ, ती तशीही विकायची चाललीच होती, आणि आमच्या दोघांच्या एफडी. मी स्वतः बँकेतून रिटायर झालेय त्यामुळे कागद, फॉर्म, स्टेटमेंट याची भीती नव्हती. नातेवाईकांनी एवढ्या पैशात इथे काय काय झालं असतं हे ऐकवलंच, पण ती तिथे मनापासून काम करतेय आणि तिला तिथेच राहायचंय, आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही स्कीम १९९० च्या कायद्याने आली, तुम्ही अमेरिकेतल्या धंद्यात पैसे घालायचे, त्यातून तिथल्या किमान १० लोकांना पूर्णवेळ काम मिळायला हवं, मग तुम्हाला, नवरा किंवा बायकोला आणि २१ च्या आतल्या लग्न न झालेल्या मुलांना ग्रीन कार्ड. मार्च २०२२ मध्ये नवीन कायदा आला, तेव्हापासून ग्रामीण भागात किंवा जास्त बेकारी असलेल्या भागात ८ लाख डॉलर आणि बाकी ठिकाणी १० लाख ५० हजार डॉलर. त्याच कायद्याने काही व्हिसा राखून ठेवले, ग्रामीण २० टक्के, जास्त बेकारीचा भाग १० टक्के, सरकारी पायाभूत प्रकल्प २ टक्के. आपल्यासाठी खरी गोम इथेच आहे, कारण न राखलेल्या ईबी-५ मध्ये भारताला रांग लागलीय पण आम्ही फाइल केलं तेव्हा राखीव गटात तारीख चालू होती, म्हणजे रांग नव्हती, आणि तारीख चालू असली की अमेरिकेत कायदेशीर राहणारा माणूस आय-५२६ई (गुंतवणुकीची मूळ पिटिशन) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) एकदमच भरू शकतो. म्हणजे मूळ पिटिशनचा निकाल लागायच्या आधीच वर्क परमिट आणि प्रवासाची परवानगी मागता येते. ओपीटी संपत आलेल्या मुलांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

आता एजंट. एका मोठ्या हॉटेलात सेमिनार होता, चहा-नाश्ता, स्क्रीनवर बिल्डिंगचे फोटो, सूटातली माणसं. सेमिनार वाईट नव्हता, बेसिक माहिती बरोबर सांगितली. नंतर वैयक्तिक मीटिंगला बोलावलं तिथे भाषा बदलली. "मॅडम, ग्रीन कार्ड गॅरंटीड, पैसे पाच वर्षांत गॅरंटीड परत." बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला गॅरंटीड शब्द ऐकला की गॅरंटी कोण देतोय आणि कशावर देतोय हेच आधी सुचतं. आणि ईबी-५ चा नियमच असा आहे की पैसा जोखमीत असला पाहिजे, परत करण्याची हमी करारात असेल तर ती गुंतवणूकच धरली जात नाही. म्हणजे तो माणूस जे वचन देत होता ते खरं असतं तर आमची केस तिथेच बाद झाली असती. (आय-५२६ई नामंजूर झाला तर पैसे परत, अशी अट वेगळी, ती चालते.)

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. एक, २०२२ च्या कायद्यानुसार प्रोजेक्ट विकणाऱ्या प्रमोटरने आय-९५६के फॉर्म भरून नोंदणी करायची असते, तुमची आहे का. दोन, आमच्या पैशातून तुम्हाला कमिशन किती मिळणार, कारण तेही लेखी सांगणं बंधनकारक आहे. पहिल्याला "ते यूएसची टीम बघते" आणि दुसऱ्याला "आमची फी तुमच्याकडून शून्य" असं उत्तर. वकील फुकट देतो म्हणाले. वकील फुकट म्हणजे त्याचे पैसे प्रोजेक्टवाला देणार, मग तो वकील आम्हाला त्या प्रोजेक्टमधलं वाईट काय सांगणार? मी उठले. नंतर कित्येक आठवडे फोन, मेसेज, कधी दुबईचा गोल्डन व्हिसा घ्या, कधी पोर्तुगाल, पोर्तुगालला २०२३ पासून घर घेऊन मिळत नाही हे मीच फोन करणाऱ्या मुलाला सांगितलं. एक मार्क सेमिनारमधल्या माहितीचा.

मग ठरवलं की वकील आधी, प्रोजेक्ट नंतर, आणि वकिलाचे पैसे आम्हीच देणार. लेकीने तिथे तीन-चार जणांशी पैसे भरून कन्सल्टेशन केलं. त्यातल्या एका वकीलबाई अशा होत्या की त्यांनी पहिला अर्धा तास प्रोजेक्टचं नावही काढलं नाही, फक्त विचारत होत्या की पैसा आला कुठून. जमीन कुणाची, त्यांच्याकडे कशी आली, कुणाचा हिस्सा होता, विकली तर चेक कोणत्या खात्यात, तिथून कुठे. त्यांनाच घेतलं. पाच मिनिटांत कळलं होतं की ह्यांना काम येतं.

कारण सांगते, ईबी-५ मध्ये आपल्या हातात असलेली आणि सगळ्यात जड गोष्ट म्हणजे सोर्स ऑफ फंड्सची फाइल. फॉर्म काय, कुणीही भरेल. पण ८ लाख डॉलरमधला प्रत्येक डॉलर कायदेशीर कमाईचा आहे आणि तो मूळ जागेपासून एस्क्रो खात्यापर्यंत (अटी पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणारं मधलं खातं) कसा कसा आला हे कागदावर दाखवावं लागतं. लेकीला आम्ही बक्षीस दिलं म्हणून भागत नाही, देणाऱ्याने म्हणजे आम्ही आमचा सोर्स दाखवायचा, सात वर्षांचे रिटर्न द्यायचे. आणि फक्त गुंतवणुकीचा नाही, रीजनल सेंटर गुंतवणुकीशिवाय वेगळी जी ॲडमिन फी घेतं, आम्हाला ती साठ हजार डॉलर पडली, तिचाही सोर्स लागतो. एजंटने हा विषय एकदाही काढला नव्हता.

आमच्या फाइलमध्ये काय काय गेलं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. डिजिटल सहीचा सातबारा (महाभूलेखवर नुसता बघायला मिळतो तो नव्हे), आठ-अ, सासऱ्यांच्या नावावर जमीन आली तेव्हापासूनचे सगळे फेरफार, सासऱ्यांचा मृत्यू दाखला, वारसनोंद, दोन्ही नणंदांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, विक्रीचं खरेदीखत, इंडेक्स टू, खरेदीदाराने कापलेल्या एक टक्का टीडीएसचं सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, कॅपिटल गेन भरल्याचं चलन, १ एप्रिल २००१ ची किंमत दाखवणारा व्हॅल्युअरचा रिपोर्ट. जुना एक फेरफार मोडी लिपीतला निघाला, तो वाचणारे एक गृहस्थ शोधून लिप्यंतर करून घेतलं आणि मग त्याचं इंग्रजी. मराठी कागदाचं भाषांतर करणाऱ्याने भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात असं लिहून सही करायची असते, प्रत्येक कागदाला. हक्कसोडपत्राबद्दल वकीलबाईंनी खूप खोदून विचारलं, बहिणींनी पैसे न घेता हक्क का सोडला. आपल्याकडे हे घरोघर होतं पण तिथल्या ऑफिसरला ते संशयास्पद वाटू शकतं, म्हणून दोन्ही नणंदांची प्रतिज्ञापत्रं जोडली. दोघींनी एका शब्दात होकार दिला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

जमीन विकताना एक गोष्ट पहिल्या दिवशी ठरवली होती, सगळे पैसे बँकेतून. दोन गिऱ्हाइकं जास्त भाव देत होती पण त्यातला मोठा भाग रोख, त्यांना नाही म्हटलं. खरेदीखतात जो आकडा आहे तोच दाखवता येतो, रोखीचा पैसा या फाइलमध्ये कुठेच बसत नाही आणि बसवायला गेलं तर अख्खी केस धोक्यात. ईबी-५ डोक्यात असेल तर हा निर्णय जमीन किंवा फ्लॅट विकायच्या आधी करावा लागतो, नंतर काही करता येत नाही.

मग पैसे पाठवणं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची योजना) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. मिस्टर आणि मी मिळून पाच लाख. म्हणून पाच लाख मार्च २०२५ मध्ये आणि उरलेले एप्रिल लागल्यावर, नवीन वर्षाची लिमिट सुरू झाल्यावर. हे ३१ मार्चचं गणित वकीलबाईंच्या ऑफिसला पक्कं माहीत होतं, भारतातल्या केसेस नेहमीच्या असल्याचं तिथे कळलं. आणि टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो आगाऊ कर! सात लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली, पण अडीच लाख डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वादोन कोटींना थोडे कमी, त्यावर चाळीस लाखांच्या वर टीसीएस एका माणसाचा. हा खर्च नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो आणि तेवढी रक्कम हाताशी हवीच. मिस्टरांचा मार्चचा टीसीएस त्याच वर्षीच्या जमिनीच्या कॅपिटल गेनमध्ये वळता झाला, माझ्या नावावरचा मात्र रिफंडमध्येच. सीएने आधी सांगितलं होतं म्हणून सोय केलेली होती.

आमच्या बँकेच्या शाखेत ए-टू फॉर्मपासून सगळं सुरळीत झालं, फक्त मधल्या बँका वाटेत थोडे डॉलर कापतात आणि एस्क्रोत तर पूर्ण ८ लाख पडले पाहिजेत. तो फरक लेकीने तिच्या पगारातून भरला आणि त्याचा सोर्स म्हणून तिच्या पे स्लिप जोडल्या. प्रत्येक ट्रान्सफरची स्विफ्ट कॉपी (पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा) मागून घ्या, नंतर मागितली की शाखेत शोधाशोध सुरू होते.

वकीलबाईंच्या कामात अर्धा मार्क का कापला तर दोन कारणं. एक, फी सांगताना भाषांतर आणि कुरिअर त्यात नाही हे स्पष्ट सांगितलं नव्हतं, शेवटी वेगळं बिल आलं, रक्कम परवडणारी होती पण आधी कळायला हवं होतं. दोन, एकदा पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) मध्येच बदलला आणि नव्या मुलाने दिलेलेच कागद परत मागितले. बाकी काम उत्तम. लेकीला त्यांनी हेही नीट समजावलं की एफ-१ वर असताना ही पिटिशन भरली म्हणजे तिथे कायमचं राहायचा इरादा जाहीर झाला, आता विद्यार्थी व्हिसाचं स्टॅम्पिंग करायला भारतात येणं धोक्याचं, आणि आय-४८५ भरल्यावर ॲडव्हान्स पॅरोल म्हणजे प्रवासाची परवानगी हातात नसताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. त्यामुळे चुलतभावाच्या लग्नाला ती येऊ शकली नाही. वाईट वाटलं, पण आधी माहीत होतं म्हणून घरात कुणी हट्ट धरला नाही.

आता रीजनल सेंटर आणि प्रोजेक्ट. प्रोजेक्ट निवडायला वकीलबाई मदत करत नाहीत, ते त्यांचं काम नाही असं स्पष्ट सांगतात आणि ते बरोबरच आहे. आम्ही तिथल्या एका स्वतंत्र फायनान्शियल ॲडव्हायझरकडून पैसे देऊन कागद वाचून घेतले आणि मीही प्रायव्हेट प्लेसमेंट मेमोरँडम (गुंतवणुकीच्या अटी आणि धोके लिहिलेला दस्तऐवज) पानापानाने वाचला, कर्जाची फाइल वाचावी तसा. शेवटी हे कर्जच असतं, तुमचे आणि बाकीच्यांचे पैसे एका कंपनीत गोळा होतात आणि ती कंपनी बिल्डरला कर्ज देते. मग प्रश्नही कर्जाचेच. बिल्डरचे स्वतःचे किती पैसे आहेत. आपल्या आधी कोणती बँक उभी आहे, म्हणजे बुडालं तर आधी कुणाला मिळणार. तारण काय. मुदत किती आणि ती वाढवायचा अधिकार कुणाला. बांधकाम सुरू झालंय की नुसतं चित्र आहे. आणि नोकऱ्या, प्रत्येक गुंतवणूकदारामागे १० दाखवायच्या असतात तर रिपोर्टमध्ये १० च आहेत की वर बऱ्याच शिल्लक आहेत, कारण खर्च कमी झाला तर मोजलेल्या नोकऱ्याही कमी होतात.

आम्ही घेतलेला प्रोजेक्ट ग्रामीण गटातला. ग्रामीण म्हणजे महानगराच्या हद्दीबाहेर आणि २० हजार किंवा जास्त वस्तीच्या गावाबाहेर, आणि ग्रामीण पिटिशनला प्राधान्याने तपासायचं असं कायद्यातच आहे. त्याचा आय-९५६एफ, म्हणजे प्रोजेक्टचा स्वतःचा सरकारी अर्ज, मंजूर झालेला होता. इथे सगळ्यांनी लक्ष द्या, "फाइल केलाय" आणि "मंजूर झालाय" यात फार फरक आहे, विकणारे रिसीट नोटीस दाखवून काम भागवतात. मंजुरीचं पत्र मागा.

एवढी काळजी का, तर अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या 'जे पीक' (Jay Peak) रिसॉर्टचं प्रकरण वाचा. बर्फावरच्या स्कीइंगचं मोठं रिसॉर्ट, स्थानिक नेत्यांचा पाठिंबा, जगभरातून शेकडो लोकांनी ईबी-५ मधून पैसे घातलेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, केस केली की २० कोटी डॉलरहून जास्त रकमेचा गैरवापर झाला. मालक आणि त्याचा जोडीदार दोघांनाही पुढे २०२२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. तिथे पैसे घातलेल्यांची कागदपत्रं चोख असून उपयोग काय? २०२२ च्या कायद्यात ऑडिट, स्वतंत्र फंड ॲडमिनिस्ट्रेटर वगैरे आलं ते अशा प्रकरणांमुळेच. आमच्या सेंटरकडे स्वतंत्र फंड ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि लेकीला लॉगिन करून खात्यातली हालचाल दिसते, ही गोष्ट मला फार आवडली.

दीड मार्क का कापला? व्याज अगदी नावापुरतं, ते सगळीकडेच तसं त्यामुळे त्याचा राग नाही. पण पैसे परत कधी या प्रश्नाला दरवेळी वेगळा माणूस वेगळं उत्तर देतो. कायद्याने पैसा किमान दोन वर्षं गुंतलेला असायला हवा, तेवढं सांगून हे लोक थांबतात, पण करारात कर्जाची मुदत त्याहून बरीच लांब आहे आणि वाढवायचा पर्याय बिल्डरकडे आहे. मी ते वाचलेलं होतं म्हणून मनाची तयारी आहे. ज्यांनी वाचलं नसेल ते दोन वर्षांनी पैसे मागायला जातील. हे सेंटरने स्वतःहून ठळक अक्षरात सांगायला हवं. शिवाय तिमाही रिपोर्ट उशिरा येतो, विचारल्यावर येतो.

सध्या कुठे आहोत, तर आय-५२६ई पेंडिंग आहे, वर्क परमिट आणि ॲडव्हान्स पॅरोल आले, आता तिची नोकरी ओपीटीवर अवलंबून नाही. आधी ऑफिसात कपातीची बातमी आली की तिचा आवाज फोनवरच कळायचा. पुढे मंजुरी आल्यावर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-८२९ भरायचा, तेव्हा नोकऱ्या खरंच झाल्या का ते तपासणार. आम्ही भरली तेव्हा आय-५२६ई ची फी ११,१६० डॉलर आणि वर इंटिग्रिटी फंडाचे १,००० होते.

आम्ही फाइल केल्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये ते गोल्ड कार्ड आलं, ओळखीतल्या दोघांनी विचारलं की त्यापेक्षा ते बरं नाही का. त्यात १० लाख डॉलर सरकारला देऊन टाकायचे, परत येत नाहीत, आणि ते बसवलंय ईबी-१ आणि ईबी-२ मध्ये, म्हणजे भारतात जन्मलेल्याला पुन्हा त्याच रांगा. आपल्या लोकांसाठी मला त्यात काही अर्थ दिसत नाही.

कुणी विचार करत असेल तर दोन तारखा लक्षात ठेवा. रीजनल सेंटरची स्कीम ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, पण ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत भरलेल्या पिटिशन पुढे स्कीम बंद पडली तरी चालू ठेवायच्या असं कायदा सांगतो. आणि १ जानेवारी २०२७ पासून रक्कम महागाईनुसार वाढणार. एजंट लोक या तारखा दाखवून घाई करतात, तारखा खऱ्याच आहेत, पण सोर्सची फाइल तयार नसेल तर घाईत पैसे भरून काहीच साधत नाही. आम्हाला कागद गोळा करायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यातही तलाठी कार्यालयातला एक जुना फेरफार आणि नणंदांच्या सह्या. जमीन सामाईक असेल तर हक्कसोड, वारसनोंद हे आजच सुरू करा, ईबी-५ केलं नाही तरी ते करून ठेवायचंच असतं. आणि ज्यांची आयुष्यभराची सगळी पुंजी यात जाणार असेल त्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही आमच्या राहत्या घराला आणि पेन्शनला हात लावला नाही, आणि वकीलबाईंनीही पहिल्या कॉललाच तेच विचारलं होतं, हे पैसे बुडाले तर तुम्ही दोघं कसे राहाल.

वकीलबाईंबद्दल कुणाला विचारायचं असेल तर त्यांच्या कामाची पद्धत सांगीन. प्रोजेक्ट कोणता घ्यावा ते सांगणार नाही, तो प्रत्येकाने स्वतः कागद वाचून ठरवायचा.